दोष जिभेचा नव्हता

सकाळची प्रार्थना चालू आहे. मधल्या रांगेतला एक मुलगा मोकळ्या गळ्याने म्हणतो आहे, एकही शब्द अडत नाही. दहा मिनिटांनी वर्गात हजेरी सुरू होते. त्याचा नंबर येतो आणि तोच मुलगा 'ह... ह...' वरच थांबतो. मानेच्या शिरा ताणल्या जातात, डोळे मिटतात, मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसते. आपण 'बरं बरं, बस' म्हणतो आणि पुढचा नंबर पुकारतो.

असा मुलगा बहुतेक सर्व शिक्षकांनी पाहिलेला असतो. (मुलीही असतात, पण मुलांपेक्षा बऱ्याच कमी.) साधारण वीस मुलांमागे एक मूल लहानपणी कधी ना कधी काही काळ अडखळत बोलते. त्यांतली बहुसंख्य मुले आपोआप सुधारतात. मोठेपणी शंभरात एखाद्याच्याच वाट्याला ते राहते. आपण त्याला तोतरेपणा म्हणतो. शब्द कानाला बरा लागत नाही, म्हणून या लेखात शक्यतो 'अडखळणे' असेच म्हणू.

आता वरच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. जीभ तीच, ओठ तेच, स्वरयंत्र तेच. दहा मिनिटांपूर्वी जे बिनतक्रार चालले ते आता का अडले? दोष जिभेचा असता तर प्रार्थनेतही ती अडली असती. इतकी साधी गोष्ट लक्षात यायला माणसाला फार काळ लागला. ज्यांच्या ती लवकर लक्षात आली त्यांतले कितीतरी जण डॉक्टर नव्हते. ते नट होते, काव्यवाचन शिकवणारे होते. आवाजाच्या कलेतून उपचार कसा निघाला याची ही हकीकत आहे.

सुरुवात ग्रीसमधल्या डिमॉस्थेनिसपासून करावी लागते, कारण त्याची गोष्ट सर्वांनाच ठाऊक असते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये होऊन गेलेला हा वक्ता तरुणपणी नीट बोलू शकत नसे. मग तोंडात खडे धरून तो बोलण्याचा सराव करी, चढावर धावता धावता कविता म्हणे. ही माहिती प्लुटार्कने दिली आहे, आणि प्लुटार्क डिमॉस्थेनिसनंतर सुमारे चारशे वर्षांनी झाला, तेव्हा ती किती खरी मानायची ते आपण ठरवावे. पण त्याच चरित्रात आणखी एक प्रसंग आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. सभेत फजिती होऊन डिमॉस्थेनिस घरी निघाला असता सॅटिरस नावाचा नट त्याला भेटला. त्याने डिमॉस्थेनिसला नाटकातला एक उतारा म्हणायला लावला, आणि मग तोच उतारा स्वतः, त्या पात्राला शोभेल अशा भावाने म्हणून दाखवला. तो उतारा वेगळाच आहे असे डिमॉस्थेनिसला वाटले. पुढचा सगळा सराव त्यानंतरचा. खडे लोकांच्या लक्षात राहिले, नट विसरला गेला.

खडे लक्षात राहण्याचे कारणही उघड आहे. आपल्या सर्वांच्या मनात जीभ हीच गुन्हेगार असते. आपल्याकडे मूल उशिरा किंवा अस्पष्ट बोलू लागले की त्याच्या जिभेला वेखंड उगाळून लावतात. 'जीभ जड आहे' असे म्हणतात. युरोपातही यापेक्षा फार वेगळे चालत नव्हते, फक्त तिथली हत्यारे अधिक धारदार होती.

१८४१ साली बर्लिनच्या योहान डीफेनबाख या शल्यचिकित्सकाने अडखळण्यावर शस्त्रक्रिया सुरू केली. हा कोणी भोंदू वैद्य नव्हता, त्या काळातला मोठा नावाजलेला सर्जन होता. त्याची कल्पना अशी, की जिभेच्या स्नायूंना आचके येतात म्हणून शब्द अडतो. तेव्हा जिभेच्या मुळाशी आडवा छेद घेऊन पाचरीसारखा तुकडा काढला की आचके थांबतील. ईथरची भूल यायला अजून पाच वर्षे अवकाश होता, म्हणजे हे सारे रुग्ण जागा असताना. काही महिन्यांतच ही शस्त्रक्रिया युरोपभर पसरली. काहींचे अडखळणे थोडे दिवस थांबले (जखम झालेल्या जिभेने कोण भरभर बोलणार?), मग परत आले. काही रुग्ण दगावले. त्यानंतर हा प्रकार जितक्या झपाट्याने आला तितक्याच झपाट्याने बंद पडला.

आश्चर्य याचे वाटते, की त्याच्या पस्तीस वर्षे आधीच लंडनमध्ये एका माणसाने वेगळा रस्ता धरलेला होता. त्याचे नाव जॉन थेलवॉल. तो मूळचा राजकारणातला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत सामान्य माणसाला मताचा हक्क हवा म्हणून लंडनमध्ये तो व्याख्याने देई आणि त्यांना मोठी गर्दी होई. १७९४ मध्ये सरकारने त्याला राजद्रोहाच्या खटल्यात गुंतवले. शिक्षा झाली असती तर ती फाशीचीच होती. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. मग पुढच्या वर्षी सरकारने सार्वजनिक सभांना वेसण घालणारे कायदेच केले. लोकांनी त्या कायद्यांना 'तोंडात बोळा कोंबणारे' असे नाव दिले. थेलवॉलचे व्याख्यानपीठ हळूहळू बंद झाले. तो वेल्समध्ये जाऊन शेती करू लागला, तीही जमली नाही.

या माणसाने १८०१ पासून वक्तृत्व शिकवायला सुरुवात केली आणि १८०६ मध्ये लंडनला बोलण्यातले दोष दूर करणारी संस्था काढली. स्वतः त्याचेही उच्चार लहानपणी सदोष होते. त्याने इस्पितळातली शरीरशास्त्राची व्याख्याने ऐकलेली होती, त्यामुळे स्वरयंत्र, फुफ्फुसे, जीभ यांची रचना त्याला ठाऊक होती. पण त्याचा उपचार सुरू होई तो कवितेने. हृदयाच्या ठोक्यात जसा एक जोराचा आणि एक हलका असा क्रम असतो तसाच तो बोलण्यातही असतो, जड आणि हलकी अक्षरे एकाआड एक येतात, आणि अडखळणाऱ्याचा हा ताल हरवलेला असतो, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून विद्यार्थ्याने आधी तालात पद्य म्हणायचे, मग गद्य वाचायचे, मग संभाषण करायचे. आपले हे विचार त्याने १८१० मध्ये एका शल्यचिकित्सकाला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने छापले. ज्याचे तोंड सरकारने बंद केले त्याने इतरांची तोंडे उघडायचा धंदा केला, यात थेलवॉलला स्वतःला काही विनोद दिसत होता की नाही कोण जाणे!

थेलवॉलनंतर इंग्लंडात ही परंपरा वक्तृत्वशिक्षकांच्या हातात राहिली. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचे वडील आणि आजोबा याच धंद्यातले. आजोबा तर आधी नट होते. १९०६ मध्ये एल्सी फोगर्टी या बाईंनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाचा आणि नाट्य शिकवणारी शाळा काढली. पुढे लॉरेन्स ऑलिव्हिएसारखे नट तिथे तयार झाले. याच बाई सेंट थॉमस इस्पितळात अडखळणाऱ्या रुग्णांनाही शिकवत, आणि त्यांच्या शाळेतून नटांबरोबर वाचोपचार करणारेही बाहेर पडू लागले. ज्या व्यायामांनी नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, त्याच व्यायामांनी रुग्णाचा आवाज निदान समोरच्या माणसापर्यंत पोचवायचा.

पहिल्या महायुद्धाने अशा शिक्षकांपुढे एकदम वेगळे विद्यार्थी आणून उभे केले. विषारी वायूने घसा जळलेले सैनिक होते. त्यांच्याहूनही गूढ म्हणजे, अंगावर ओरखडाही नसताना तोफांच्या माऱ्यानंतर मुके झालेले किंवा अडखळू लागलेले सैनिक होते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला पर्थ शहरात असे सैनिक परत आले तेव्हा तिथे लायनेल लोग नावाचा एक काव्यवाचक शिकवण्या घेत असे. जन्म १८८० चा, ॲडलेडचा. नाटके बसवणे, शेक्सपिअरमधले उतारे म्हणून दाखवणे, मुलांना वक्तृत्व शिकवणे हा त्याचा व्यवसाय. डॉक्टरकीची पदवी नाही, आणि त्या वेळी वाचोपचाराची पदवी जवळपास कुठेच नव्हती. त्याने या सैनिकांना खोल श्वास घ्यायला, श्वासपटलावर ताबा ठेवायला, एका श्वासात एक वाक्य पुरे करायला शिकवले. वायूने घसा गेलेला, फक्त कुजबुजू शकणारा एक सैनिक त्याच्याकडे स्वरांचे व्यायाम करून पुन्हा बोलू लागला. १९१९ मध्ये ही बातमी तिथल्या वर्तमानपत्रात आली.

१९२४ मध्ये लोग लंडनला गेला आणि हार्ली स्ट्रीटवर, म्हणजे मोठमोठ्या डॉक्टरांच्या गल्लीत, १४६ क्रमांकाच्या इमारतीत त्याने खोली घेतली. श्रीमंतांकडून तो भरपूर पैसे घेई आणि गरिबांना त्यात सवलत देई. १९ ऑक्टोबर १९२६ रोजी त्याच्या खोलीचा जिना चढून तीस वर्षांचा एक सडपातळ माणूस आला. तो इंग्लंडच्या राजाचा दुसरा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क. आजीच्या डब्यात जुना चांदीचा रुपया असेल तर त्यावर याचा मुखवटा सापडेल: जॉर्ज सहावा.

वर्षभरापूर्वीच, ३१ ऑक्टोबर १९२५ ला, वेम्ब्ले येथे साम्राज्याच्या प्रदर्शनाच्या समारोपाचे भाषण करताना ड्यूकची फार वाईट अवस्था झाली होती. भाषण ध्वनिवर्धकावर होते, रेडिओवरही होते. त्याआधी अनेक तज्ज्ञ करून झाले होते, आणि प्रत्येकाने उमेद थोडी थोडी कमी केली होती.

लोगने काय केले? चित्रपटामुळे (२०१० चा 'द किंग्ज स्पीच') त्याविषयी बऱ्याच दंतकथा तयार झाल्या आहेत, आणि चित्रपटाने काळाचीही बरीच उलटापालट केली आहे. प्रत्यक्षातले उपचार साधेच होते. स्वरयंत्र आणि श्वासपटल यांचा मेळ बसत नाही असे लोगचे निदान. म्हणून रोज तासभर व्यायाम: कोमट पाण्याच्या गुळण्या, श्वासाचे प्रकार, उघड्या खिडकीशी उभे राहून एकेक स्वर पंधरा सेकंद मोठ्याने लांबवणे. पुढच्या सव्वा वर्षात ड्यूकने त्याच्याकडे ऐंशीच्या वर खेपा केल्या. आम्हाला वाटते, हा आकडा गुळण्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. राजपुत्राने वाड्यावर बोलावून घेतले असते तर कोण नाही म्हणणार होते? पण लोगचा आग्रह, की शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या खोलीवर यायचे आणि तिथे दोघे बरोबरीचे. आधीच्या तज्ज्ञांनी ड्यूकला रोगी केले होते; इथे तो शिष्य होता, आणि शिष्याला घरचा अभ्यास असतो!

९ मे १९२७ रोजी ड्यूकने कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियाच्या नव्या संसदभवनाचे उद्घाटन केले. भाषण नीट पार पडले. पुढे १९३६ च्या डिसेंबरात थोरल्या भावाने गादी सोडली आणि हा माणूस अनपेक्षितपणे राजा झाला. दोन दिवसांतच कँटरबरीच्या आर्चबिशपने रेडिओवरून नव्या राजाची ओळख करून देताना त्याच्या अडखळण्याचाही उल्लेख केला. हेतू चांगला असेल. पण आपल्यात काय कमी आहे हे दुसऱ्याने साऱ्या जगाला सांगावे, याचा अनुभव वर्गात मान खाली घालून बसणाऱ्या मुलालाही असतो.

३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झाले आणि संध्याकाळी सहा वाजता राजाला रेडिओवर बोलावे लागले. ते आजही ऐकायला मिळते. आम्ही ते विद्यार्थ्यांबरोबर ऐकले तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, 'किती हळू बोलतो हा!' आणि खरेच, ते हळू आहे. लोगने मजकुरावर श्वासाच्या जागी उभ्या रेघा मारल्या होत्या, अडणारे शब्द बदलून सोपे घातले होते. ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकले तर काही विराम अर्थासाठी घेतलेले वाटत नाहीत, ते अडण्याच्या आधी घेतलेले वाटतात. पण तालात घेतलेला विराम ऐकणाऱ्याला गांभीर्यासारखा वाटतो. कीर्तनकाराला हे माहीत असते, नटालाही.

लोगचे निदान कितपत बरोबर होते? आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर फारसे नाही. श्वास विस्कटतो हे खरे, पण ते अडखळण्याचे कारण नसते, बहुधा परिणाम असतो. अडखळण्यात अनुवंशाचा मोठा वाटा असतो हे आता चांगले सिद्ध झाले आहे आणि २०१० पासून त्याच्याशी निगडित जनुकेही सापडू लागली आहेत. एक वाक्य बोलायचे तर छाती, घसा, जीभ, ओठ यांच्या कितीतरी स्नायूंनी अगदी ठरलेल्या क्षणी हालचाल सुरू करावी लागते. हा क्षण ठरवणारी मेंदूतली आतली घड्याळव्यवस्था, तिच्यात 'बेसल गँग्लिया' हा मेंदूच्या गाभ्यातला भाग महत्त्वाचा, अडखळणाऱ्यांमध्ये थोडी वेगळी चालते असे अनेक संशोधकांचे मत आहे. बाहेरून ताल मिळाला तर आतल्या घड्याळावरचा भार कमी होतो. मग ताल टाळ्यांचा असो, पद्याचा असो, गाण्याचा असो, किंवा शेजारी उभ्या असलेल्या चाळीस मुलांच्या आवाजाचा असो. प्रार्थनेत आपला मुलगा अडत नाही तो यामुळे. दुसऱ्या कोणाबरोबर एकाच वेळी वाचायला दिले तर बहुतेकांचे अडखळणे जवळजवळ नाहीसे होते.

म्हणजे थेलवॉलला हरवलेला ताल दिसला होता, तो कुठे हरवला ते मात्र त्याच्या काळात कळण्यासारखे नव्हते.

पण इथेच फसगतही आहे. ताल काढून घेतला की अडखळणे बहुधा परत येते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत 'हमखास गुण' देणाऱ्या कितीतरी संस्था निघाल्या. तिथे हात हलवत ठेक्यात बोलायला शिकवत. विद्यार्थी संस्थेतून छान बोलत बाहेर पडत आणि घरी पोचेपर्यंत, किंवा फार तर महिन्याभरात, पूर्ववत होत. संस्था मात्र जाहिरात करायला मोकळ्या! स्वरांचे व्यायाम आणि काव्यवाचन यांनी अडखळणे मुळापासून जात नाही, आणि राजाचेही कधी गेले नाही. तो मरेपर्यंत अधूनमधून अडतच होता. लोगच्या रोजनिशीत एक मजेशीर नोंद आहे. एका भाषणात राजा एका शब्दावर का अडला असे लोगने विचारले, तेव्हा मी चुकलो नाही तर बोलणारा मीच आहे हे लोकांना कळणार कसे, अशा अर्थाचे उत्तर राजाने दिले. १९२५ च्या वेम्ब्लेतला माणूस असे बोलू शकला नसता. व्यायामांनी काही दिले असेल तर ते हे.

याच १९३९ साली, युद्ध सुरू होण्याच्या काही महिने आधी, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका अनाथालयात एक प्रयोग झाला. विद्यापीठात वाचादोषांचा अभ्यास करणारा वेंडेल जॉन्सन हा स्वतः अडखळणारा. मुलाला 'तू अडखळतोस' असे मोठ्यांनी सतत सांगितल्यानेच ते अडखळू लागते, असे त्याला वाटे. त्याच्या एका विद्यार्थिनीने बावीस मुले निवडली. त्यांतल्या, अगदी व्यवस्थित बोलणाऱ्या सहा मुलांना जानेवारी ते मे महिन्यांत पुन्हा पुन्हा सांगण्यात आले, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. तिथल्या शिक्षकांना आणि सांभाळणाऱ्या बायकांनाही त्या मुलांना टोकत राहायला सांगितले होते. ही मुले त्या अर्थाने अडखळू लागली नाहीत. म्हणजे जॉन्सनची कल्पना काही सिद्ध झाली नाही. पण ती बोलेनाशी झाली. उत्तरे एकेका शब्दात देऊ लागली, अभ्यासात मागे पडली. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वर्तमानपत्राने तो उजेडात आणला, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने या प्रयोगातल्या काहींना मिळून नऊ लाख पंचवीस हजार डॉलर नुकसानभरपाई दिली. ती मुले तोवर सत्तरीच्या पलीकडे गेली होती.

त्या अनाथालयातल्या शिक्षकांनी सांगितले तसे केले. पुढच्या दशकात त्याच देशात मिशिगन राज्यातल्या एका खेड्यातल्या शिक्षकाने काय केले तेही सांगायला हवे. जेम्स अर्ल जोन्स नावाचा काळा मुलगा साधारण सहाव्या वर्षापासून शाळेत जवळजवळ मुका होता. अडखळण्याच्या लाजेने त्याने बोलणेच सोडले होते. लिहून उत्तरे देई. डोनाल्ड क्राउच हे इंग्रजीचे शिक्षक. मुलगा चोरून कविता लिहितो हे त्यांना कळले होते. एकदा त्याने एका फळावर कविता लिहून दाखवली. क्राउच म्हणाले, ही इतकी चांगली आहे की तू लिहिली असशील असे वाटत नाही. तुझीच असेल तर वर्गापुढे पाठ म्हणून दाखव. मुलगा उभा राहिला आणि एकदाही न अडखळता म्हणून बसला. तोही चकित, वर्गही चकित. मग क्राउचनी त्याला रोज काहीतरी म्हणायला लावले: कविता, वक्तृत्वस्पर्धा, वादविवाद. हा मुलगा पुढे अमेरिकन रंगभूमीवरचा मोठा नट झाला. 'स्टार वॉर्स' पाहिलेल्यांनी डार्थ व्हेडरचा आवाज ऐकला आहे, तो त्याचाच. २०२४ मध्ये त्र्याण्णव वर्षांचा होऊन तो वारला. आपले अडखळणे गेले असे त्याने कधीच म्हटले नाही; शब्द जपून निवडावे लागतात असेच तो सांगत राही.

क्राउचची युक्ती जशीच्या तशी करू नये असे आम्हाला वाटते. ती फसली असती तर? लोगचाही व्यवसाय आता केवळ वाचकाचा किंवा नटाचा राहिलेला नाही. त्याने १९३५ मध्ये वाचोपचारकांची संघटना काढली, आणि १९४५ मध्ये इंग्लंडात या लोकांची अधिकृत व्यावसायिक संस्थाच स्थापन झाली. आपल्याकडे म्हैसूरला १९६० च्या दशकात आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये राष्ट्रीय संस्था झाल्या. अनेक जिल्हा रुग्णालयांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाचोपचारतज्ज्ञ असतो. सहा महिन्यांहून जास्त काळ मूल अडखळत असेल, किंवा बोलायचे टाळू लागले असेल, तर पालकांना तिथे पाठवावे. वेखंडाच्या भरवशावर वर्ष घालवू नये.

वर्गात करण्यासारखे मात्र बरेच आहे, आणि त्याला खर्च नाही. धडा आधी सगळ्या वर्गाने एका आवाजात वाचावा, मग चौघाचौघांनी, मग जोडीने. जोडीत वाचताना अडखळणाऱ्या मुलाचा जोडीदार त्याच्या पसंतीचा असावा. कविता आधी टाळीवर, मग टाळीशिवाय. सगळ्यांनीच पुस्तकात पेन्सिलीने श्वासाच्या रेघा माराव्यात, म्हणजे एकट्यावर नजर जात नाही. शिवाय इतरांचेही वाचन सुधारते. तो बोलत असताना शब्द आपण पुरा करू नये. 'सावकाश बोल', 'दीर्घ श्वास घे' असेही म्हणू नये. राजाला हे सांगणारे पुष्कळ होते.

आणि हजेरी? काही शिक्षक अशा मुलाला नुसता हात वर करायला सांगतात. काही मुलांना त्याने सुटल्यासारखे वाटते, तर काहींना आपल्याला वेगळे काढले असे वाटते. तेव्हा मधल्या सुटीत त्यालाच बाजूला घेऊन विचारावे, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबावे.